जोडाचा आवाज

दातांच्या डॉक्टरकडे माझा नंबर यायचा होता. समोरच्या भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही होता आणि त्यावर आमच्या लहानपणीच्या सिनेमातला नावाडी लढत होता. मी मान वर केली तेव्हा लढाई शेवटाला आली होती. नदीवरचा लाकडी धक्का, ओल्या फळ्या, खाली पडलेला दुश्मन, आणि त्याच्यासमोर नावाडी, डावा पाय पुढे, उजवी मूठ छातीशी. पुढे काय होणार हे मला माहीत होतं. डोक्याला नव्हे, खांद्याला माहीत होतं. मूठ छातीशी, आणि एकदम हात खाली, दुश्मन पाण्यात. मधे काही नाही. त्या जागी माझा खांदा हलला आणि हलून तसाच राहिला, कारण पडद्यावर हात खाली आलाच नाही. जिना संपलेला असतो आणि आपण आणखी एक पायरी आहे असं धरून पाय टाकतो, तसं झालं. नावाडी उभाच होता. त्याने मूठ उघडली, एकेक बोट सोडत, आणि हात पुढे केला, तळवा वर, पडलेल्या माणसाला ऊठ म्हणावं तसा. आणि तो थांबला. दुश्मन त्या हाताकडे बघत राहिला, त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. मग त्याचा स्वतःचा हात कमरेकडे गेला, सुरा चमकला, आणि तेव्हा कुठे नावाड्याचा हात खाली आला. "मॅडम, जा ना आत," काउंटरवरची मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली असावी. डॉक्टरांनी खुर्ची मागे झुकवून विचारलं, "कुठे दुखतंय?" मी म्हटलं, "खांदा." ते हसले. मलाही हसावं लागलं.

तो सिनेमा आमच्या भागातल्या थिएटरला लागला तेव्हा दादा शाळेच्या शेवटच्या वर्षात होता आणि मी त्याच्या मागेमागे फिरण्याच्या वयात. परक्या भाषेतला सिनेमा, खालची अक्षरं दुसऱ्याच परक्या भाषेतली. नावाड्याची बहीण का रडते, गावातले लोक त्याला नावेत का चढू देत नाहीत, यावर पोरांच्यात भांडणं होत. पण लढाया सगळ्यांना कळत होत्या. लोक इतके येत राहिले की मालकाने प्रिंट परत पाठवलीच नाही. ती रोज चालून चालून झिजली, शेवटच्या रिळात फाटली, आणि ऑपरेटरने फाटका भाग कापून दोन टोकं एकमेकांना चिकटवली. त्या दुपारी दातांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून मला हे लख्ख कळलं. लहानपणी एवढंच दिसायचं की मूठ छातीशी आहे आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुश्मन पाण्यात आहे. आणि जरा मागून 'टक्' असा आवाज येतो, कोरडा, कुठेतरी हाड मोडल्यासारखा. आम्हाला तो नावाड्याच्या हाताचा आवाज वाटायचा. तो जोडाचा आवाज होता. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी दिव्यासमोरून जाते आणि आवाज वाचणाऱ्या भागापाशी नंतर पोचते, म्हणून जोड आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. दादाने याचं वेगळं कारण शोधलं होतं. "हात आवाजापेक्षा जोरात जातो," तो गच्चीवर पोरांना सांगायचा. "म्हणून आवाज मागून येतो. ज्याचा आवाज हाताबरोबर आला त्याचा हात मंद." मग पोरं हात मारायची, आणि क्षणभराने जीभ टाळूला लावून सगळी मिळून टक् करायची.

गच्चीवरचा तो क्लास पुढे हॉलमध्ये गेला, दादाने नोकरी सोडली, त्याला सगळे मास्टर म्हणू लागले, आणि त्या एका हाताचं नावच टक् पडलं. मुलींना तो घेत नसे. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पाहायची आणि नंतर न्हाणीघरात कडी लावून करायची, बादली उपडी ठेवून, कारण आरसा उंच होता. किती मुलं त्या हाताखालून गेली त्याचा हिशोब नाही. आमच्या भागातले पन्नाशीचे पुरुष अजून एखादं काम उरकलं की जिभेने टक् करतात. शिंपी कापड कापून झालं की करतो. पोस्टातला माणूस शिक्का मारतो आणि जरा थांबून करतो. त्यांना ते कुठून आलं हे आठवतही नसेल. मी वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एखाद्या भागातल्या सगळ्या पट्ट्या एकाच मोडक्या पट्टीवरून आखलेल्या असल्या तर त्या भागात कोणालाच चूक सापडत नाही, कारण सगळ्यांचं सगळ्यांशी जुळतं. हे मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवते. शिकवताना मला गच्ची कधी आठवली नव्हती.

दादाच्या जगण्यातही मधला भाग नसायचा. सकाळी नोकरी होती, दुपारी नव्हती. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा तो आला, बाबांकडे पाहिलं, कागदावर सही केली, आणि बाहेर जाऊन सायकल काढली. मला तेव्हा ते धैर्य वाटलं. आई मात्र दारातून वाकून त्या सायकलीकडे बघत राहिली होती. आणि नंतर, मी प्रयोगशाळेत लागल्यावर, तापमापकांच्या विभागातला एक माणूस घरी आला होता. सावकाश बोलणारा, प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबणारा. दादाने त्याला विचारलं, "हिला सुखात ठेवाल ना?" आणि तो माणूस नेहमीसारखा थांबला. उत्तर चांगलं द्यायचं होतं म्हणून थांबला, मला ते माहीत होतं, तो तापमापकातला पारा स्थिर होईपर्यंतसुद्धा आकडा लिहीत नसे. "जो इथे अडखळतो तो पुढे काय सांभाळणार," दादा म्हणाला आणि दार उघडून धरलं. चहा अजून यायचा होता. नंतर आम्ही दोघं एकाच इमारतीत अनेक वर्षं काम करत राहिलो, वेगवेगळ्या मजल्यांवर. एका गोष्टीमागून दुसरी आली म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं धरू नये, हेही मी मुलांना शिकवते. दादाने तो सिनेमा पाहिला नसता तरी तो असाच झाला असता, कदाचित. पण त्या दुपारी दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडून मी बसस्टॉपवर उभी राहिले आणि माझ्या बसेस जाऊ दिल्या, आणि मला सारखा तो उघडा तळवा दिसत राहिला, जो पडद्यावर होता, कुठेतरी एका रिळात होता, आमच्यापर्यंत फक्त पोचला नव्हता.

दादाला आता कंपवात आहे. हात थरथरतो ते तो खिशात लपवतो, पण पाय लपवता येत नाहीत. चालता चालता ते जमिनीला चिकटल्यासारखे होतात, जास्त करून दारात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सगळ्या उंबऱ्यांपाशी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवून दिल्या आहेत. समोर पट्टी दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो. नाहीतर आवाज द्या, ठेका द्या, त्या म्हणाल्या होत्या. मी गेले तेव्हा वहिनी दार उघडून म्हणाली, "ये. अडकलेत बघ पुन्हा." दादा स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरा उभा होता.

"अडकलो नाही. थांबलोय," तो तिकडेच तोंड करून म्हणाला.

"कशासाठी थांबलायत?"

"विचार करतोय."

"करा. चहा गार होऊ दे." आणि वहिनीने जिभेने टक् केलं. दादाचा पाय उचलला गेला, पट्टी ओलांडली, तो हळूहळू वळून येऊन खुर्चीत बसला. "पाहिलंस ना," तो मला म्हणाला. "जन्मभर पोरांना टक् शिकवलं. आता बायको मला त्याच्यावर बैलासारखं हाकते."

"बैल ऐकतो तरी," वहिनी म्हणाली. तिने हात पुढे केला होता, खुर्चीत बसताना धरायला. तो त्याने धरला नाही. तो कोणाचाच धरत नाही.

टेबलावर टिल्लूचा निरोप पडला होता. टिल्लू हा क्लासमधला सगळ्यात बारका मुलगा, आता त्याच्या ट्रकच्या कंपनीत त्याला बसायला वेगळी खुर्ची करून घ्यावी लागली आहे. तो सिनेमा नव्याने धुऊन पुसून, कुठल्यातरी दुसऱ्या देशात सापडलेल्या चांगल्या प्रिंटवरून पुन्हा आणला होता. टिल्लूने एका दुपारचं थिएटर घेतलं होतं, सगळ्या जुन्या मुलांना बोलावलं होतं, आणि सिनेमा झाला की मास्टरांनी स्टेजवर येऊन एकदा, एकदाच, टक् करून दाखवायचा असं ठरवलं होतं. "त्याला कळव, मास्टर बाहेरगावी गेलेत," दादा म्हणाला.

"कुठल्या गावाला?" वहिनीने विचारलं.

"ज्या गावात टिल्लू नाही अशा."

मी तेव्हा गप्प बसले असते तर तो गेला नसता. पण मी मनातला आकडा कागदावर न मांडता घरी जाणारी बाई नाही. मी म्हटलं, "दादा, त्या सिनेमात टक् नाही." मग सांगितलं, फाटलेली प्रिंट, जोड, आवाज मागून का येतो, मूठ कशी उघडते, तळवा कसा पुढे येतो. सांगताना मी स्वतःचा हात पुढे करून दाखवला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. खिशातला हात कापडाखाली हलत होता.

"प्रयोगशाळेत मोजून आलीस का?"

"दातांच्या डॉक्टरकडे पाहिलं."

"दातांच्या डॉक्टरकडे!" तो वहिनीकडे वळला. "ऐकलंस? दात काढता काढता हिने माझी सगळी विद्या काढली." मग जरा वेळाने, "हल्ली कॉम्प्युटरवर मेलेल्या माणसाला नाचवतात. घुसडलं असेल कोणीतरी. मूठ उघडतो? नावाडी? दुश्मनासमोर?" वहिनी चहाचे कप उचलत होती, तिने एक कप पुन्हा खाली ठेवला. "टिल्लूला सांग," दादा म्हणाला, "येतोय. मला बघायचंय." घरी परतताना मला वाटत राहिलं की मी त्याला चूक दाखवायला गेले नव्हते. मला त्याच्याकडून ते थांबणं बघायचं होतं, एकदा, कुणापुढे तरी. पण हे मी तेव्हा शब्दांत आणलं नाही.

थिएटरच्या पायऱ्यांवर टक्कल पडलेली, पोटं सुटलेली ती सगळी मुलं उभी होती. टिल्लू धावत आला. "मास्टर, इकडे कठडा आहे."

"मला कठडा दाखवतोस? वजन किती झालं तुझं?"

"विचारू नका मास्टर, काटा मोडतो."

"हिच्याकडे ने काटा. ही मोडकी मापं शोधते." दादा हसला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही मधल्या रांगेत बसलो, दादा मधे, वहिनी पलीकडे. दिवे गेले. नवीन प्रिंटमध्ये नदी हिरवी होती. आमच्या आठवणीत ती तपकिरी होती, चहासारखी. इतकी वर्षं आम्ही मळलेली नदी मनात ठेवली होती. खालची अक्षरं आता आमच्या भाषेत होती. बहीण का रडते ते कळलं. तिला माहीत असतं की भाऊ धक्क्यावरून परत आला तरी तिच्याशी बोलणार नाही. पुढच्या रांगेतला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "हे असं होतं होय!" आणि शेजारी म्हणाला, "गप रे, मारामारी येऊ दे." मग धक्का आला, फळ्या आल्या, दुश्मन पडला, डावा पाय पुढे, मूठ छातीशी. आणि त्या जागी अख्ख्या थिएटरमधले खांदे एकदम हलले. रांगेमागून रांग, अंधारात, झोपेत दचकावं तसे. आणि क्षणभराने शेकडो जिभांनी मिळून टक् केलं. पडद्यावर नावाडी उभाच होता. त्याने मूठ उघडायला सुरुवात केली. कोणीतरी मागून हसून म्हणालं, "अरे, चालू आहे अजून!" आणि मग कोणी हसलं नाही. नदीचा आवाज येत होता, फळ्यांवरून पाणी ठिबकत होतं, आणि तो हात तसाच पुढे होता. मी दादाकडे पाहिलं. त्याचाही हात खिशातून वर आला होता, छातीशी पोचला होता आणि तिथे राहिला होता. सगळ्या थिएटरमध्ये त्याचा एकट्याचा हात नावाड्याबरोबर थांबला होता. पडद्याच्या उजेडात त्याचा चेहरा मला दिसला. पडद्यावर सुरा चमकला, हात खाली आला, दुश्मन पाण्यात गेला. दादाचा हात छातीशीच होता. वहिनीने तो हलकेच धरून मांडीवर ठेवला, रुमाल ठेवावा तसा.

दिवे लागल्यावर टिल्लू स्टेजवर गेला, माईक हातात घेऊन "मास्टर" एवढंच म्हणाला आणि पुढचं भाषण विसरला. मी दादाला म्हटलं, "घरी जाऊया का?" तो उठला. बाजूच्या पायऱ्या त्याने खाली बघत चढल्या, प्रत्येक पायरीच्या कडेला पट्टी असल्यासारखा, आणि स्टेजच्या मध्यावर जाऊन समोर तोंड करून उभा राहिला. डावा पाय पुढे. मूठ छातीशी. त्याला काय करायचं होतं मला माहीत नाही. टक् करून दाखवायचा होता, की हात उघडायचा होता, की त्यालाही अजून ठरवायचं होतं. मूठ तिथे राहिली. थरथर थांबली, सगळंच थांबलं, पापणीसुद्धा. मग टिल्लू टाळ्या वाजवायला लागला, आणि सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, मास्टरांनी आत्ता पाहिलं आणि आत्ता बदललं, आमच्यासमोर, या वयात. पुढच्या रांगेतला तो माणूस डोळे पुसत होता. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, अडकलेत." तिने टक् केलं, पुन्हा केलं, पण त्या गजरात तिचं तिलाही ऐकू गेलं नसेल. टाळ्या थांबेनात, आणि दादाचे डोळे, तेवढेच हलत होते, रांगांवरून फिरत येऊन माझ्यावर टेकले.

मी वर गेले. त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, डावा पाय पुढे टाकला, मूठ छातीशी आणली. चप्पल घसरत होती. मी न्हाणीघराबाहेर हे कधी केलं नव्हतं. मी हात मारला, मधलं काही न ठेवता, आमच्या फाटक्या प्रिंटमधल्यासारखा, आणि जरा थांबून त्याच्या कानाशी जिभेने टक् केलं. त्याचा हात माझ्या हातामागून खाली आला, जड, पोत्यासारखा. टाळ्या आणखी वाढल्या. दादा ओठ न हलवता म्हणाला, "खांदा वर जातोय तुझा."

"माहीत आहे," मी म्हटलं.

टॅक्सीत तो खिडकीशी बसला होता. टिल्लूने दिलेला मोठा पुष्पगुच्छ वहिनीच्या मांडीवर होता आणि त्यातून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. "छान झालं," ती म्हणाली. एका सिग्नलला दादाने विचारलं, "तो तापमापकवाला. तो अजून आहे का तिथे?"

"निवृत्त झाला."

"हं," दादा म्हणाला. सिग्नल सुटला.

घरी वहिनी फुलं घेऊन पुढे गेली, दिवा लावला, पंखा लावला. दादा उंबऱ्यापाशी आला आणि उभा राहिला. समोर पिवळी पट्टी होती, कडा सुटत आलेली. आतून वहिनीने टक् केलं. तो हलला नाही. तिने पुन्हा केलं, मग स्वयंपाकघरातूनच ओरडून विचारलं, दिवसभराच्या आनंदात असेल, किंवा त्याला बरं वाटावं म्हणून असेल, तिने रोजचा शब्द बदलला. "थांबलात का?"

दादा पट्टीकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. "तो थांबला होता. मी अडकलोय." हे तो तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला नाही. मग त्याने माझ्या बाजूची मूठ उघडली. बोटं एकेक करून सुटली, शेवटचं बराच वेळ सुटेना, आणि तळवा वर करून, थरथरता, त्याने हात माझ्यापुढे धरला.